नवऱ्याची सही लागत नाही

सकाळी 6.30

गच्चीवरून एनटीपीसीच्या चिमण्या दिसतात. 2320 मेगावॉटचं हे वीजकेंद्र, त्याच्या आजूबाजूच्या कंत्राटी कामगारांच्या खोल्या, कन्हानच्या काठचं जुनं गाव, परमात्मा एक सेवकांचा आश्रम आणि मधून रात्रंदिवस धावणारा नागपूर-भंडारा हायवे, असं हे मौदा. तालुक्यात धान आणि मिरची. नागपूरच्या कॉलेजातून इंटर्नशिपच्या ग्रामीण पोस्टिंगसाठी आम्ही दोघं इथं आलो आहोत, मी आणि माझा बॅचमेट.

चहा उकळेपर्यंत आमची एक उजळणी चालते. तो पेशंट होतो, मी डॉक्टर. तो म्हणतो, "मॅडम, महिना चुकला, ठेवायचं नाही." त्यावर माझ्या तोंडून काय बाहेर पडतं ते तो ऐकतो. "सोबत कोण आहे?", "नवऱ्याला माहीत आहे का?", "लग्न झालं आहे ना?" ही तीन वाक्यं चुकूनही यायला नकोत. ती आम्हाला कुठल्याच पुस्तकानं शिकवलेली नाहीत. वॉर्डात मोठ्यांच्या मागे उभं राहून ती कानावर पडत गेली आणि बसली. म्हणून ती रोज काढून टाकावी लागतात. मग पाळ्या बदलतात, मी पेशंट आणि तो डॉक्टर.

सुरक्षित गर्भपाताचा हक्क म्हटलं की लोकांना मोर्चे आणि फलक आठवतात. आमच्यासारख्या, अजून पक्की नोंदणीही न झालेल्या डॉक्टरांच्या हाती मौद्यात जे आहे ते याहून लहान आहे. केसपेपर, संमतीचा फॉर्म, आशांची बैठक आणि आपली जीभ. मला ते पुरेसं मोठं वाटतं.

सकाळी 8.30

आज महिन्याची 9 तारीख, म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा दिवस. 2016 पासून दर महिन्याच्या नवव्या दिवशी गरोदर बायांची तपासणी होते, म्हणून सरकारी दवाखान्याच्या आवारात सकाळपासून ऑटो लागलेले. वजन, बीपी, हिमोग्लोबिन, लघवी. मी बीपीच्या टेबलावर. पुढचे दोन तास याशिवाय दुसरं काही नाही, आणि हे कामही मला प्रिय आहे. जिला मूल हवं आहे तिचं बाळंतपण नीट व्हावं आणि जिला नको आहे तिची त्यातून नीट सुटका व्हावी, या दोन्हींसाठी हेच टेबल, हाच बीपीचा पट्टा आणि हीच सिस्टर लागते.

सकाळी 10.45

पुढे ज्या बाईविषयी लिहिते आहे तिचं गाव, घर आणि वय यांच्या खुणा मी बदलल्या आहेत. वैद्यकीय गर्भपात कायद्याचं कलम 5अ तिची ओळख कुणालाही उघड करू देत नाही, मोडलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कलम नसतं तरी बदलल्याच असत्या.

ती रांगेत होती, पण तिच्या हातात गरोदर बायांचं कार्ड नव्हतं. टेबलापाशी आली आणि मागच्या बाईला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "मले सफाई करायची हाय." मी उठून तिला आतल्या खोलीत नेलं. दार लोटलं.

दोन मुलं. कॉपर-टी काढल्यावर गोळ्या सुरू होत्या, मध्ये काही दिवस सुटल्या. नवरा बाहेरच्या राज्यात कामाला, दिवाळीनंतर एकदाच येऊन गेला. महिना चुकल्याबरोबर आशाताईनं निश्चय किटवर तपासणी करून दिली होती, म्हणजे अगदी वेळेत कळलं होतं. नंतरचे तीन आठवडे गेले कुठे? आधी ती एका खासगी दवाखान्यात गेली.

"त्या डॉक्टरनं सांगतलं का नवऱ्याले घेऊन ये, त्याची सही पाह्यजे. त्याले सुट्टी नाई भेटत मॅडम. मंग मी सासूले घेऊन गेली, तं म्हणे सासूची चालत नाई."

मी तिला सांगितलं, "नवऱ्याची सही लागत नाही."

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. "खरंच?"

"खरंच. तुमची एकटीची लागते."

हे आजचं नाही. 1964 साली शांतिलाल शहा समिती नेमली गेली, तिच्या अहवालावरून 1971 चा कायदा झाला आणि 1 एप्रिल 1972 पासून तो अमलात आला. तेव्हापासून सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. पालकाची सही लागते ती अल्पवयीन मुलीसाठी किंवा मानसिक आजारामुळे स्वतः निर्णय घेऊ न शकणाऱ्या बाईसाठी. पतीच्या सहीचा फॉर्म कायद्यात कुठंही नाही. पन्नास वर्षांहून जास्त काळ जो कागद अस्तित्वातच नाही, त्याच्यासाठी बायांना परत पाठवलं जातं, आणि त्या फेऱ्यांत आठवडे वाढतात. आठवडे वाढले की पद्धत बदलते, खर्च वाढतो, धोका वाढतो. पुढं हीच बाई "उशिरा आली" म्हणून बोलणी खाते. मला याचा राग येतो आणि तो यावाच असं मला वाटतं.

मॅडमनी, म्हणजे आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी, तिला तपासलं. आठ आठवडे. गोळ्यांनी होण्याजोगं. हिमोग्लोबिन चालण्यासारखं, रक्तगट पॉझिटिव्ह. फॉर्म सी, म्हणजे संमतीचा फॉर्म, मी तिला मोठ्यानं वाचून दाखवला. तिनं स्वतः पुन्हा एकदा वाचला, बोट ओळीवर फिरवत, आणि सही केली. इंटर्न म्हणून मी गर्भपात करू शकत नाही. बारा आठवड्यांपर्यंतचे गर्भपात करण्यासाठी साध्या एमबीबीएस डॉक्टरालाही 25 केसेसमध्ये मदत केलेली असावी लागते, त्यांतल्या किमान पाच स्वतः केलेल्या. माझं काम समजावून सांगण्याचं. ते मी सावकाश करते, कारण घरी रात्री तिच्याजवळ डॉक्टर नसणार.

आज पहिली गोळी, मिफेप्रिस्टोन. परवा दुसरं औषध, मिसोप्रोस्टॉल. मग पोटात कळा येतील, पाळीपेक्षा जास्त रक्त जाईल, ते अपेक्षित आहे. पण तासाला दोन पॅड पूर्ण भिजत असतील आणि असं सलग दोन तास चाललं, ताप आला, घाण वास आला, तर वाट पाहायची नाही, निघून यायचं. पंधराव्या दिवशी दाखवायला यायचंच. सोबत कोण असेल? सासू. सासूला माहीत आहे? "तिनंच तं पाठवलं मले," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली.

मग पुढच्या साधनाचं बोलणं. अंतरा इंजेक्शन, छाया गोळी, पुन्हा कॉपर-टी. तिनं विचारलं, "ऑपरेशन करा लागन का आधी?" कुणीतरी तिला सांगितलं होतं की नसबंदीला हो म्हटल्याशिवाय सफाई करत नाहीत. मी नाही म्हटलं. साधन घ्यायचं की नाही, कोणतं, केव्हा, हे ती ठरवेल. गर्भपाताच्या बदल्यात नसबंदीचा होकार घेणं हा सौदा आहे, आणि तो तिच्या अडचणीच्या वेळी केलेला सौदा आहे.

भरतीच्या नोंदवहीत तिचं नाव ज्या पानावर गेलं ते पान गोपनीय. इतर सगळ्या कागदांवर फक्त अनुक्रमांक.

दुपारी 1.30

डबा. मॅडमना आम्ही रोज एक प्रश्न विचारतो. आज बॅचमेटनं विचारलं, "मॅडम, तिला कारण का सांगावं लागतं? नको आहे हे पुरेसं का नाही?"

उत्तर खरं म्हणजे कायद्याच्या रचनेतच आहे. गर्भपात घडवून आणणं हा आपल्याकडं आजही मुळात गुन्हा आहे. आधी भारतीय दंड संहितेचं कलम 312 होतं, जुलै 2024 पासून न्याय संहितेचं कलम 88. गर्भपात कायदा त्याला अपवाद करून डॉक्टरला संरक्षण देतो. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, वीस ते चोवीस दोघांचं आणि तेही ठरावीक परिस्थितीतल्या बायांसाठी, चोवीसच्या पुढं गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ. बाईनं मागितलं म्हणून, एवढं कारण कायद्यात नाही. 2021 च्या दुरुस्तीनं मात्र एक दार उघडलं. साधन निकामी ठरलं तर पूर्वी फक्त 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' यांना ते कारण सांगता येई, आता 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' असा शब्दप्रयोग आहे. 29 सप्टेंबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयानं अविवाहित बाईलाही चोवीस आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीत घेतलं, आणि नवऱ्यानं केलेल्या बळजबरीतून राहिलेला गर्भ या कायद्यापुरता बलात्कारातला मानला. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तिथल्या बायांचा जवळजवळ पन्नास वर्षांचा हक्क काढून घेतला होता. आमच्या बॅचच्या ग्रुपवर त्या दिवसांत दोन्ही निकालांवर बोलणं झालं. कागदावर आपण पुढं आहोत हे खरं, पण मला त्याचा अभिमान अर्धाच वाटतो. सकाळच्या बाईपर्यंत तो कागद पोचलेला नव्हता.

मॅडमनी जेवण संपवलं आणि एवढंच म्हणाल्या, "कायदा डॉक्टरच्या मतावर उभा आहे ना? मग डॉक्टरचं मत चांगलं घडवा. ते तुमच्या हातात आहे."

दुपारी 3.00

आशाताईंची मासिक बैठक. अजेंड्यावर लसीकरण, क्षयरोग, ऑनलाइन नोंदी. शेवटची वीस मिनिटं आम्हाला मिळतात.

इथं खरं अवघड प्रश्न येतात. आशा ही गावातली पहिली व्यक्ती जिला एखादीचे दिवस गेल्याचं कळतं, आणि तिच्यावरच दोन्हीकडून दाब असतो. गर्भवतीची नोंद पोर्टलवर चढली आणि पुढं बाळंतपण दिसलं नाही, तर विचारणा तिला होते. परळीचं बेकायदा गर्भपातांचं प्रकरण 2012 चं, सांगलीतल्या म्हैसाळचं 2017 चं, आणि आपल्याजवळचं, वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचं, जानेवारी 2022 चं. प्रत्येक प्रकरणानंतर तपासण्या कडक झाल्या. बेकायदा धंदा करणाऱ्यांना शिक्षा व्हायलाच हवी. पण भीती पसरली ती सरसकट. भिंतीवर गर्भलिंगनिदान हा गुन्हा असल्याचा फलक असतो, गर्भपात कायदेशीर असल्याचा नसतो. वाचणाऱ्या बाईला दोन्ही एकच वाटतात.

एका आशाताईनं विचारलं, "मॅडम, त्या गोळ्या दुकानात काऊन नाई भेटत? पोरीबाळी मारतीन म्हून?"

हा प्रश्न मला आवडला, कारण याचं उत्तर पोटाच्या आत आहे. या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंत वापरायच्या. गर्भाचं लिंग सोनोग्राफीत ओळखू येतं ते साधारण बारा-तेरा आठवड्यांनंतर. म्हणजे मुलगी आहे हे कळेपर्यंत गोळीची मुदत संपलेली असते. मुली वाचवण्यासाठी गोळ्या दडवण्यात काही अर्थ नाही. महाराष्ट्रातले औषधविक्रेते तरीही तपासणीच्या धास्तीनं त्या ठेवायला कचरतात. 2015 मध्ये देशात झालेल्या गर्भपातांचा अंदाज 1 कोटी 56 लाखांचा आहे. त्यांतले सुमारे चार-पंचमांश गोळ्यांनी झाले आणि जवळजवळ तीन-चतुर्थांश दवाखान्याबाहेर गोळ्या घेऊन. गोळ्या घेतल्या जाणारच आहेत. प्रश्न त्या बाईला डोस कोण समजावून सांगतं एवढाच उरतो.

मागच्या रांगेतली एक ताई बराच वेळ गप्प होती. शेवटी म्हणाली, "आन् पोट्टी सतरा वर्षाची असन तं? पोलिसात गेलंच पाह्यजे का?"

खोलीत शांतता. प्रत्येकीला अशी कुणीतरी ठाऊक होती. पोक्सो कायद्याखाली अठराच्या आतल्या मुलीच्या बाबतीत डॉक्टरला कळवावंच लागतं, हे सांगणं टाळून चालणार नाही. पण 2022 च्या त्याच निकालात न्यायालयानं सांगितलं आहे की मुलीनं आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर त्या कळवण्यात तिचं नाव-गाव डॉक्टरनं द्यायची गरज नाही. संमती पालकाची लागेल. मी हे दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा बॅचमेटनं फळ्यावर लिहिलं. मला पुढं असंही सांगावंसं वाटत होतं की हे सगळीकडं पाळलं जाईलच असं नाही, आणि मी ते सांगितलं. आशांना गोड चित्र दाखवून उपयोग नसतो, दुसऱ्या दिवशी दारात मुलीची आई उभी असते ती त्यांच्याच.

संध्याकाळी 5.30

मिरचीच्या सातऱ्यावर. लाल मिरचीचे ढीग, त्यांच्याभोवती तोंडाला फडकी बांधून बसलेल्या बाया, देठ खुडणं चाललेलं. हवेत ठसका असा की पहिली पाच मिनिटं आम्हाला बोलताच येत नाही आणि बाया आमच्याकडं बघून हसतात. मजुरी किलोवर. म्हणून सातऱ्याच्या मालकाशी बोलून आम्ही काम थांबवत नाही, बाया खुडत राहतात आणि आम्ही बोलतो. बॅचमेट पलीकडं पोती उचलणाऱ्या पुरुषांत जाऊन बसतो. निरोध आणि पुरुष नसबंदीवर बोलायला त्याला तिथं चांगले श्रोते मिळतात, मी गेले तर ते उठून जातात.

आज मी फार बोललेच नाही. बायाच बोलल्या. हाताची आग, पाळीत बसायला जागा नाही, आडोसा नाही. पांढरं पाणी जातं. एकीला तीन मुलांनंतर चौथं नको होतं आणि ते झालं. दुसरीला मूल हवं होतं, दोनदा पाचव्या महिन्यात गेलं, आणि सातऱ्यावर येणं काही थांबवता आलं नाही. नागपूरच्याच मेडिकलमध्ये शिकलेल्या राणी बंग यांनी 1989 मध्ये गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये मांडला होता. तपासलेल्या बायांपैकी 92 टक्के बायांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता. तो अभ्यास मी कॉलेजात परीक्षेपुरता वाचला होता. सातऱ्यावर बसल्यावर त्यातला आकडा माणसांचा होतो.

प्रजननन्याय ही कल्पना 1994 मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी मांडली. मूल न होऊ देण्याचा हक्क, होऊ देण्याचा हक्क, आणि झालेलं मूल सुरक्षित जागी वाढवण्याचा हक्क, हे तिन्ही एकत्र मागायचे असं त्यांचं म्हणणं. हे परदेशातलं म्हणून बाजूला ठेवता येत नाही. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला. कर्करोगाची भीती आणि पाळीत बुडणारी मजुरी यांच्यामध्ये सापडून तिशीतल्या बायांनी पिशव्या काढून घेतल्या होत्या. एका जिल्ह्यात गर्भाशय सहज काढलं जातं आणि दुसरीकडं आठ आठवड्यांच्या गोळीसाठी नवऱ्याची सही मागितली जाते. दोन्हीकडं ठरवणारी ती बाई नसते. सकाळच्या पेशंटला पुन्हा दवाखान्यात यायचं तर तिचा दिवसाचा रोज बुडतो, हेही याच प्रश्नात मोजलं पाहिजे.

निघताना एक म्हातारी म्हणाली, "आमच्या टायमाले कोणी असं बसून नाई सांगे वो पोरी." मग लगेच, "पुढच्या वेळी गूळ खाऊन ये, ठसका नाई लागत."

रात्री 8.30

नेट चाललं की आमचा कॉल. नागपूर, वर्धा, पुणे, मुंबईचे विद्यार्थी. या कामाची वाट आम्हाला आधीच्या लोकांनी करून दिली आहे. मुंबईच्या स्त्रीरोगतज्ज्ञ सुचित्रा दळवी यांच्या आशिया सेफ अबॉर्शन पार्टनरशिपनं वैद्यकीय विद्यार्थ्यांना या विषयावर बोलतं केलं. 'सेहत' संस्थेनं राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या अध्यापकांबरोबर अभ्यासक्रमात लिंगभावाची दृष्टी आणण्याचं काम केलं. अमेरिकेत 1993 मध्ये विद्यार्थ्यांनी स्वतःची संघटना काढली, कारण कॉलेजं हा विषय शिकवत नव्हती. आमची तक्रार जवळपास तीच आहे. गर्भपात आम्हाला न्यायवैद्यकात गुन्हा म्हणून सविस्तर शिकवला जातो आणि स्त्रीरोगात सेवा म्हणून घाईघाईत.

कुणी म्हणतं, अभ्यासक्रम विद्यार्थ्यांच्या सांगण्यावरून बदलत नसतो. मी सेवाग्रामचं उदाहरण देते. तिथले न्यायवैद्यकाचे प्राध्यापक इंद्रजित खांडेकर यांनी कौमार्याच्या तथाकथित खुणा हा अशास्त्रीय भाग काढून टाकावा म्हणून चिकाटीनं पाठपुरावा केला आणि 2019 मध्ये आरोग्य विद्यापीठानं तो वगळला. 2024 च्या ऑगस्टअखेर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं तसलेच विषय परत आणले, तेव्हा इतका विरोध झाला की काही दिवसांत ती मार्गदर्शिका मागे घ्यावी लागली. बदलतं. कुणीतरी मागे लागावं लागतं.

आज ठरलं ते एवढं: प्रत्येकानं आपल्या पोस्टिंगच्या जागी ओपीडीत लावायला एक फलक मागायचा. मजकूर चार ओळींचा. गर्भपात कायदेशीर आहे. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. तुमचं नाव गुप्त राहील. गर्भलिंगनिदान हा गुन्हा आहे. चौथी ओळ ठेवायची की नाही यावर अर्धा तास वाद झाला. मी ठेवण्याच्या बाजूनं होते. दोन्ही गोष्टी शेजारी वाचल्या तरच त्या वेगळ्या आहेत हे कळेल.

रात्री 10.15

दुपारच्या बैठकीत गप्प बसलेल्या त्या ताईंचा फोन. सतरा वर्षांची मुलगी नव्हे, दुसरीच एक बाई, ताईंच्याच गल्लीतली. नवऱ्यानं टाकलेली. चौदा आठवडे झाले असावेत.

चौदा म्हणजे गोळ्यांची मुदत गेली, आणि बाराच्या पुढं स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा त्या विषयाचा पुरेसा अनुभव असलेला डॉक्टर लागतो. कायद्यानं अजून एकाच डॉक्टरचं मत पुरतं, पण तिला नागपूरला न्यावं लागेल, डागा रुग्णालयात किंवा मेडिकलमध्ये. मी मॅडमना मेसेज केला, त्यांनी लगेच उत्तर दिलं की सकाळी आधी इथं तपासू, चिठ्ठी मी देते. मेडिकलच्या स्त्रीरोग विभागातल्या ओळखीच्या रेसिडेंट ताईला फोन लावला, उद्या ओपीडीला त्या आहेत. बसचं भाडं, दिवसाची मजुरी आणि तिच्या मुलाला शाळेतून कोण आणणार, हे तीन प्रश्न राहिले. मुलाचं आशाताई बघतील. भाडं आम्ही दोघं घालू. मजुरीचं उत्तर आमच्याकडं नव्हतं.

ताईंनी शेवटी विचारलं, "आधार कार्डावर नवऱ्याचंच नाव हाय तिच्या. चालन का?"

"चालेल. साडेआठला आणा. सही तिचीच लागते."